हेराल्ड दुसऱ्यांदा खोलली तेव्हा

डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्याला लोहचुंबक लावला, तो घसरून पडला. वीतभर वर सरकवला तेव्हा कुठे त्याने पत्रा धरला. गाडी पेंट होऊन आली त्याला जेमतेम 4 महिने झाले होते आणि त्याच कोपऱ्यावर मसुराएवढे फोड दिसायला लागले होते. एक फोड टाचणीने टोचला तर तांबूस पाणी निघालं. मग स्क्रूड्रायव्हर ठोकला नाही, नुसता दाबला, तर तो मुठीपर्यंत दारात गेला. तिथे पत्राच नव्हता. 12 मिलिमीटर जाडीची लांबी (खळगे भरायची पुटी) होती, आणि तिला मागून टेकू म्हणून सिमेंटच्या पोत्याचा कागद चुरगाळून कोंबलेला होता.

‘फुल रिस्टोरेशन’ या नावाखाली या गाडीवर 3,40,000 रुपये घेतले गेले. पुन्हा नटन् नट खोलल्यावर काय काय सापडलं ते इथे मांडतो आहोत. जुनी गाडी करायला टाकणाऱ्याने कुठे बोट घालून पाहायचं, ते त्यातून कळावं एवढाच हेतू.

गाडी दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड 1959 साली निघाली आणि 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती आपल्याकडे बनवली. आकार जिओव्हानी मिशेलोत्ती या इटालियन माणसाने काढलेला. इंजिन 948 सीसी, चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा बॉडीपासून वेगळा, आणि पुढचा अख्खा बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतो. याच चेसिसला आखूड करून 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार आली. हे नातं लक्षात ठेवा, कारण फसवणुकीची पहिली खूण त्यातच होती.

गाडी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, कोठ्यात (गोठ्यात) वीसेक वर्षं उभी. विदर्भात हवा कोरडी, इथे गंज कुठला, असं सगळे म्हणतात. उन्हाळ्यात 45 अंशाला ते खरंही असतं. पण कोठ्यातली गाडी हवेत उभी नसते. खाली काळी माती, ती जूनपासून दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. बाजूला जनावरांचं मूत. आणि मागच्या सीटवर युरिया आणि पोटॅशची पोती, कारण तेवढी एकच कोरडी जागा. पोटॅशमध्ये क्लोराईड असतं. फुटक्या पोत्यातून सांडलं की ते हवेतली ओल ओढतं आणि पत्रा आतून खातं. या गाडीचा मागचा तळ असाच गेला होता, चाळणीसारखा. वायरिंग उंदरांनी संपवलेलं, सायलेन्सरमध्ये सरकीची टरफलं. म्हणजे काम खरंच मोठं होतं, यात वाद नाही.

गॅरेजवाल्याने जे एस्टिमेट दिलं त्यात एक ओळ होती: ‘दोन्ही सिल, स्ट्रक्चरल, कापून नवे वेल्डिंग, 48,000’. सिल म्हणजे दाराखालची लांब पट्टी. हेराल्डची जात ओळखणारा माणूस इथेच थांबला असता. स्पिटफायरच्या चेसिसला बाहेरच्या बाजूचे रेल नाहीत, म्हणून तिचे सिल गाडीचा भार पेलतात. हेराल्डला बाहेरचे रेल आहेत. तिचे सिल बोल्टने बसवलेले झाकणपत्रे; पाना घेऊन बसलं की एका दुपारी निघतात. हेराल्डच्या एस्टिमेटमध्ये स्ट्रक्चरल सिल लिहिणाऱ्याने एक तर ही गाडी कधी उघडलेली नसते, नाहीतर दुसऱ्या गाडीची यादी बघून रक्कम भरलेली असते. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. निम्मे पैसे आधी गेले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. पक्कं बिल नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागले. बॉडी उतरवलेली, चेसिस टेकूच्या घोड्यांवर, ताजा राखाडी प्रायमर. फोटो सुंदर होते. ते या गाडीचे नव्हते. मागच्या आउटरिगरजवळ (चेसिसच्या आडव्या हाताजवळ) जुन्या टोइंग हुकची दोन भोकं आपल्या चेसिसला होती, फोटोतल्या चेसिसला नव्हती. हे कळलं गाडी परत आल्यावर. फोटो मागायचेच तर चेसिस नंबर आणि त्या दिवसाचा पेपर एकाच चौकटीत असलेले मागा, आणि दर दोन आठवड्यांनी स्वतः जाऊन या. जाताना एक टोच्या आणि लहान हातोडी खिशात ठेवा.

आता चेसिस. हेराल्डची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मधल्या दोन मुख्य रेलपासून बाहेर जाणारे आडवे हात, आउटरिगर. बॉडी त्यांच्या टोकांवर बसते. पाणी आणि चिखल त्यांच्या पोकळीत साचतो. बरोबर काम असं: बॉडी उतरवण्याआधी चेसिसचे कर्ण मापायचे, एका वेळी एकच आउटरिगर कापायचा, 16 गेजच्या पत्र्यातून नवा वाकवून घ्यायचा, वेल्ड करायचा, परत मापायचं, मग दुसरा. सगळे एकदम कापले की चेसिस हलते आणि नंतर दारांच्या फटी कशाच जुळत नाहीत.

आपल्या गाडीत काय केलं होतं? डांबर खरवडलं तेव्हा दिसलं. कुजलेला आउटरिगर तसाच ठेवून त्यावर 22 गेजचा यू आकाराचा पत्रा टोपीसारखा घातला होता आणि कडा पितळेने झाळल्या होत्या. 16 गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, 22 गेज म्हणजे जेमतेम 0.7. कूलरच्या टाकीचा पत्रा. त्यावर गरम डांबर ओतलं की खालून सगळं काळं, एकसारखं, नवं दिसतं. डांबर ओलीला बाहेर ठेवत नाही, आत कोंडतं. हातोडीने हलकं टिचकवलं तर चांगला आउटरिगर टण्ण वाजतो. हा धप् वाजत होता. फाडल्यावर आतून गंजाचे पापुद्रे निघाले ते ओंजळभर नाही, घमेलंभर.

गॅरेजमधल्या एका पोराने नंतर सहज सांगितलं, “भाऊ, खालून कोन पाह्यते?” त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. अख्खा धंदा याच वाक्यावर चालतो.

गंज काढण्यासाठी ‘सँडब्लास्टिंग’चे पैसे वेगळे लावले होते. ब्लास्टिंग झालेल्या पत्र्यावर एकसारखी बारीक खरबरीत जाळी असते, पेंट खरवडला की भिंगाखाली ती दिसते. इथे पत्रा गुळगुळीत आणि करडा होता, आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या प्रत्येक सांध्यातून तपकिरी ओघळ. याचा अर्थ मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. तेजाबाने गंज पटकन निघतो, पण ते सांध्यात शिरून बसतं, पाण्याने धुऊन जात नाही, आणि वरून पेंट झाल्यावर आतून काम चालू ठेवतं. दारांच्या खालच्या घडीत तर हमखास. ब्लास्टिंग हवंच असेल तर चेसिस आणि जाड भागांनाच करा. बॉनेटच्या सपाट पत्र्यावर जोरात रेती मारली तर तो माऱ्याने ताणला जाऊन लाटांसारखा होतो. नदीची कोरडी रेती वापरणाऱ्याकडे जाऊच नका, तिची धूळ मारणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात जन्मभर राहते. आणि उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. पावसाळ्यात दोन-चार तासांतही त्यावर नारिंगी झाक येते. म्हणून हे काम दिवाळी ते होळीच्या मधे ठरवा. मे महिन्यात पेंट मारला तर थिनर पसरण्याआधीच उडतं आणि फिनिश संत्र्याच्या सालीसारखं येतं.

लांबीबद्दल एक खुलासा. लांबी वापरणं म्हणजे फसवणूक नाही. उत्तम डेंटरसुद्धा एक-दोन मिलिमीटर लांबी लावतोच. पण ती भोकावर नसते, आणि उघडी तर कधीच ठेवायची नसते, कारण पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. पेंटची जाडी मापायचं मशीन मिळालं तर उत्तम: चांगल्या रिपेंटला 150 ते 300 मायक्रॉन दाखवतं, लांबी असली की आकडा 1000 च्या पुढे पळतो. मशीन नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेला फ्रिजचा चुंबक पुरतो.

इंजिनाचं काम तर बहुतेक कागदावरच झालं होतं. बिलात ‘20 थाऊ बोअर, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंड’. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 63 मिलिमीटर. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. 20 थाऊ वाढवला तर साधारण 63.5 व्हायला हवा. हेड काढून चारही सिलिंडर मापले, चारही 63.1 च्या आसपास. मापायचंही कारण नव्हतं. सिलिंडरच्या वरच्या काठाला जुनी कडा तशीच होती, नख अडकत होतं. बोअर झालेल्या ब्लॉकला ती कडा राहूच शकत नाही. आवाज दाबायला गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल इंजिनात ओतलेलं. टॅपेटचा खडखडाट महिनाभर गप्प बसला तो त्यामुळे.

ट्रायम्फच्या या छोट्या इंजिनाची एक खोड आहे, ती विचारून गॅरेजवाल्याची परीक्षा घेता येते. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धचंद्रासारखे दोन थ्रस्ट वॉशर असतात. झिजले की ते निसटून ऑइल चेंबरमध्ये पडतात आणि मग क्रँक सरळ ब्लॉकला खात सुटते. चाल 0.10 ते 0.20 मिलिमीटरच्या आत हवी. तपासणं सोपं: एकाने क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्याने पुढची पुली बघायची. पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकली तर गाडी चालू करू नका. आपल्याकडे डायल गेजवर 0.42 आलं. वॉशर नवे होते, हे कबूल, पण उलटे बसवलेले. खाचा असलेली बाजू क्रँककडे हवी; ती ब्लॉककडे होती.

जीवावर बेतणारी गोष्ट मात्र इंजिनात नव्हती, पुढच्या चाकात होती. हेराल्डचं चाक वळतं ते खाली पितळी ट्रनियनमध्ये, स्क्रूसारख्या आट्यांवर. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट-सुलट असतात, अदलाबदल चालत नाही. या जागेला ग्रीस घालायचं नसतं, 90 नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, सुकून घट्ट होतं, पाणी अडकवतं. उभी दांडी आट्यांपाशी गंजून एक दिवस तुटते आणि चाक गाडीखाली दुमडतं. बिलात लिहिलं होतं ‘सस्पेन्शन फुल ग्रीसिंग’. प्रामाणिकपणे केलं असतं तरी चूकच होती! खोलल्यावर उजव्या दांडीवर केसासारखी भेग सापडली. दारव्हा रस्त्यावरचा एक खड्डा पुरला असता, ती तुटलीच असती.

ब्रेक, क्रोम, रबर यांवर वेगळं लिहिण्यासारखं नाही. सगळं पुसून-चोळून नवं म्हणून लावलेलं.

चोरी वेगळी. मूळ सोलेक्स कार्बोरेटर गेला, त्याजागी भलत्याच गाडीचा बसवलेला. हेडलाइटच्या रिंगा, डॅशबोर्डवरचं मीटर, बॉनेटचे बाजूचे खटके, हेही गेले. हे भाग बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणूनच जातात. गाडी देण्याआधी प्रत्येक सुट्या भागावर न दिसणाऱ्या जागी सेंटर पंचने तीन टिंबं मारून ठेवा, जवळून फोटो काढा, आणि भागांची यादी गॅरेजवाल्याच्या सहीनिशी घ्या. सही द्यायला जो आढेवेढे घेतो त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असतं.

मधेच गॅरेजवाल्याने एक सल्लाही दिला होता, मारुती 800 चं इंजिन टाकून देतो, अ‍ॅव्हरेज पण मिळेल. बरं झालं, ऐकलं नाही. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढे 5 वर्षांच्या नूतनीकरणाला 5,000. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन-रॅलीसाठी असते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. इंजिन बदललं की ही वाट बंद. गाडी परत घेताना ब्लॉकवरचा आणि चेसिसवरचा नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा, घासल्याची खूण आहे का तेही.

पैसे द्यायची पद्धत आता अशी ठरवली आहे: गाडी खोलून, भागांना चिठ्ठ्या लागल्या की पहिला हप्ता. उघडा पत्रा हातोडीने तपासून झाला की दुसरा. वेल्डिंग प्रायमरच्या आधी पाहिलं की तिसरा. इंजिनाचं माप मशीन शॉपच्या चिठ्ठीवर, पिस्टनची जुनी जोडी परत ताब्यात, मग चौथा. झाकल्यानंतर दाखवलेल्या कामाचा एक रुपया नाही. आणि पक्कं बिल, ज्याच्या नावाचं गॅरेज त्याच्याच खात्यावर.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि 2019 च्या कायद्याने ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते. गॅरेजच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत 2 वर्षं. आधी विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. आयोगात ‘काम वाईट केलं’ एवढं सांगून भागत नाही, तिऱ्हाईत जाणकाराचा मापांसकट लेखी अहवाल लागतो. म्हणून गाडी खोलताना काहीच फेकलेलं नाही. उलटे बसवलेले वॉशर, 22 गेजच्या टोप्या, भेगेची दांडी, सगळं चिठ्ठ्या लावून ठेवलं आहे. दोन दारांतून निघालेली लांबी वेगळ्या पोत्यात आहे, मागच्या सिमेंटच्या कागदासकट. किराणा दुकानाच्या काट्यावर ती सव्वादोन किलो भरली.