‘असर’ची वाचनचाचणी: पुस्तकपेटीचं मोल तिच्यावर मोजता येतं का?

एक छापील कागद. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचे परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलांना किती वाचता येतं हे पाहणाऱ्या, ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात 2005 पासून ही चाचणी घरोघरी घेतली जाते. मराठीतही आहे, आणि फुकट. वस्तीवर पुस्तकांची पेटी नेऊन वाचनालय चालवणाऱ्यांना देणगीदाराने ‘फरक काय पडला?’ विचारलं, की बहुतेकांचा हात याच कागदाकडे जातो.

मूल वाचनात कुठे आहे हे सांगण्यात ही चाचणी चोख आहे. सुरुवात परिच्छेदापासून करायची. हळू वाचलं तरी चालतं, पण वाक्य वाक्यासारखं यायला हवं. शब्द सुटे सुटे वाचले किंवा तीनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर खाली शब्दांवर यायचं. तिथे पाचपैकी चार बरोबर हवेत. अक्षरांनाही तोच नियम. परिच्छेद जमला तर गोष्ट. निकाल आईबापांनाही लगेच कळतो, हा तिचा मोठा गुण.

बिघडतं ते घेताना. भोवती पोरं जमली की मागून कुणीतरी शब्द पुरवतं, म्हणून मुलाला बाजूला बसवा. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं तर ती बोलीची लकब आहे, वाचनाची चूक नव्हे. उपक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी चाचणीचा एकच नमुना वापरू नका, गोष्ट पाठ झालेली असते.

खरी उणीव वेगळी आहे. गोष्ट वाचता आली की चाचणी संपते. सहावीतली मुलगी आठवड्याला दोन पुस्तकं संपवू लागली, तरी तिची पातळी आधीही ‘गोष्ट’ आणि नंतरही ‘गोष्ट’च. म्हणजे वाचनालयाने जे सर्वांत चांगलं काम केलं, तेच कागदावर दिसत नाही. ते देवघेव वहीत दिसतं: तारीख, मुलाचं नाव, पुस्तक, परत कधी. त्यातही एकूण आकडा फसवा. पुस्तक परत करून त्याच दिवशी दुसरं नेणारी मुलं किती, ते महिन्यागणिक मोजा.

आणि श्रेय घेताना हात आखडता ठेवा. समजा, 60 पैकी 25 मुलं एक पातळी वर गेली. पेटी न पोचलेल्या शेजारच्या वस्तीत तेवढ्याच मुलांपैकी 15 शाळेच्या बळावर वर गेली असतील, तर तुमच्या वाट्याला फार तर 10. त्यातही शिकवणी लावलेली मुलं असणारच. हे न वगळता ‘एका रुपयामागे इतक्या रुपयांचं सामाजिक मूल्य’ असा आकडा अहवालात छापणं आम्हाला पटत नाही. दुसरी चाचणीही एप्रिलमध्ये घेऊन थांबू नका. सुट्टीनंतर जूनअखेर पुन्हा घ्या. मधल्या दोन महिन्यांत पुस्तकं बंद असतील, तर काही मुलं परिच्छेदावरून शब्दांवर घसरलेली सापडतील. अहवालात तोही आकडा जायला हवा.