आईचा व्हिसा, १,३६,५०० रुपये आणि पाच वर्षांची बंदी

लिहायची लाज वाटते आहे, पण सध्या निम्म्या ओळखीच्यांच्या आईवडिलांचे कॅनडाचे व्हिसे नाकारले जात आहेत आणि आम्हाला फसवणारा एजंट, किंवा त्याच्यासारखा दुसरा, त्यांनाही गाठणार आहे.

मी कॅनडात ब्रॅम्प्टनला असते, आई सांगलीत. बाळंतपणासाठी तिचा व्हिजिटर व्हिसा आम्ही घरीच भरला होता. नाकारला. पत्रात तेच ठरलेलं वाक्य: मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री पटत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलगी झाली, सिझेरियन. रात्र-रात्र जागी असायचे. त्यात एका नातेवाइकांनी पुण्यातल्या एजंटचा नंबर दिला. "रिजेक्ट झालेल्या फायलीच करतो ताई मी."

आधी २५,००० अॅडव्हान्स. मग १६,५०० 'सरकारी फी आणि बायोमेट्रिक'. मग 'फाईल स्ट्राँग करायला' ५५,०००. फाईल गेल्यावर 'फॉलोअप'चे ४०,०००. सगळे यूपीआयने, त्याच्या बायकोच्या खात्यावर. पावती एकही नाही.

त्या १६,५०० पाशीच मी थांबायला हवं होतं. आईचे बोटांचे ठसे आधीच्या अर्जाला दिलेले होते आणि ते दहा वर्षं चालतात! म्हणजे दुसऱ्यांदा भरायचे होते फक्त १०० कॅनेडियन डॉलर, ठशांचे ८५ नाहीतच. हे मला माहीत होतं. मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या इन्शुरन्सच्या फायली तपासते. तरी विचारलं नाही, कारण आई यायला हवी होती आणि तो माणूस चिडला तर फाईल अडकेल असं वाटलं. प्रतिनिधी नेमल्याचा ५४७६ नंबरचा फॉर्म का नाही भरायचा, हे मात्र विचारलं होतं. म्हणाला, "एजंट दिसला की ऑफिसर संशय घेतो." आणि मी गप्प बसले. अर्जाचं खातं त्याच्याच ईमेलवर काढलेलं. भरलेला अर्ज मला दाखवा, हे एवढं एक वाक्य मी म्हणाले नाही. तुम्ही म्हणा. दाखवला नाही तर तिथेच उठा.

त्याने 'पूर्वी व्हिसा नाकारला आहे का' याला 'नाही' लिहिलं होतं. नकार कॅनडाच्याच इमिग्रेशन विभागाने दिलेला, त्यांच्याच नोंदीत! वर आईच्या नावावर १८ लाखांच्या एफडीचा खोटा दाखला. तिची पेन्शन २२,०००. खुलासा मागणारं पत्र आलं ते त्याच्या ईमेलवर. त्याने उत्तर दिलं नाही, आम्हाला कळवलंही नाही. ऑगस्टमध्ये निर्णय आला: खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षं कॅनडाबंदी. अर्ज कुणीही भरो, जबाबदार अर्जदारच. आईने आयुष्यात कुणाचे दहा रुपये बुडवलेले नाहीत.

दादा पुण्यात पोलीस चौकीवर गेला. "हे दिवाणी प्रकरण आहे." सायबरला गेला. "पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, यात सायबर काय?" आर्थिक गुन्ह्यांवाल्यांना रक्कम लहान वाटली. परत चौकीवर गेला, तर साहेब बंदोबस्ताला. चार खेपांनंतर अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला, गुन्हा अजून नोंदवलेला नाही. एका हवालदाराने तर विचारलं, "खोटे कागद तुमच्याच आईच्या नावाचे ना? मग आधी गुन्हा कुणावर?" दादा त्यानंतर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. इकडे कॅनडात मी तक्रार केली तर उत्तर आलं की तो परवानाधारक नाही, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही. परवाना नाही हीच तर माझी तक्रार होती!

पैसे घेऊन कॅनडाचा अर्ज हाताळायला कॅनडातला वकील किंवा परवानाधारक सल्लागारच लागतो. कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स, म्हणजे या सल्लागारांना परवाने देणारी संस्था, हिच्या यादीत सल्लागाराचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. नकारानंतर लगेच दुसरी फाईल टाकू नका. अधिकाऱ्याने आत काय शेरे लिहिलेत ते ५ डॉलर भरून मागवता येतात. इथे राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने संमतीपत्र घेऊन ते मागवावेत. आमच्या पहिल्या नकाराचे मी आता मागवले. आईच्या घराचे कागद जोडलेले नव्हते, एवढंच होतं.

बंदी उठेल ऑगस्ट २०३० मध्ये. मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची असेल. एजंटचा नंबर अजून चालू आहे, माझा त्याने ब्लॉक केलाय.