बीम अरायव्हल टाइम मॉनिटर: आठ महिने वापरल्यावर

हा मॉनिटर म्हणजे कणांचा प्रत्येक पुंजका (बंच) किती लवकर किंवा उशिरा आला, ते मोजणारं यंत्र. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर सुरेख सरळ रेघ आली आणि आम्ही खूश झालो. ती रेघ खरी की खोटी, हे कळायला पुढचे कित्येक महिने गेले.

आमचा लिनॅक (कणांना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र) सुपरकंडक्टिंग आहे. कणांना ऊर्जा देणाऱ्या नऊ सेलच्या (कप्प्यांच्या) नायोबियम कॅव्हिटी, 2 केल्विन, 1.3 गिगाहर्ट्झ. या फ्रिक्वेन्सीला फेजचा एक अंश म्हणजे साधारण 2.1 पिकोसेकंद. आम्हाला बघायचं होतं ते अंशाचा शंभरावा भाग आणि त्याखालचं, म्हणजे 20 फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) आतलं. म्हणून ऑप्टिकल मॉनिटर घेतला. यात बंच जाताना पिकअपवर (बीमच्या नळीतल्या अँटेनावर) उमटलेलं व्होल्टेज मॉड्युलेटरला जातं आणि लेसर पल्सची उंची बदलतं. बंच किती लवकर किंवा उशिरा आला, ते त्या उंचीवरून कळतं.

आवडलं ते हे: ट्रेनमधला, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या रांगेतला, प्रत्येक बंच वेगळा दिसतो. पहिले काही बंच बाकीच्यांपेक्षा सरकलेले दिसले, तेव्हा कळलं की बीम आल्यावर कॅव्हिटीचं व्होल्टेज किंचित खाली बसतंय आणि आमचा फीडफॉरवर्ड (ही घट आधीच ओळखून भरून काढणारी यंत्रणा) उशिरा जागा होतोय. बंच कंप्रेसरचा (बंच दाबून आखूड करणाऱ्या भागाचा) आर-56, म्हणजे ऊर्जेनुसार वाट किती बदलते तो आकडा, 100 मिलिमीटर धरा, ऊर्जा 0.01 टक्का हलली की वाट 10 मायक्रॉनने बदलते, म्हणजे 33 फेम्टोसेकंद. कॅव्हिटीची चुगली इतक्या बारकाईने दुसरं कोणी करत नाही.

आता तक्रार. रोज दुपारी बीम हळूहळू सरकायचा. तीन आठवडे आम्ही क्रायोमॉड्यूलच्या (कॅव्हिटी थंड ठेवणाऱ्या टाकीच्या) मागे लागलो. सरकत होता तो बीम नव्हताच! लेसर आणणारी मुख्य फायबर लिंक लांबी सांभाळून असते, पण तिच्या टोकापासून मॉनिटरपर्यंतची तीनेक मीटर फायबर उघडी होती. साध्या फायबरमध्ये दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला 40 फेम्टोसेकंदांच्या आसपास फरक पडतो. तीन मीटरला 120. तेवढा तुकडा तापमान राखलेल्या पेटीत घातला आणि दुपारचं भूत गेलं.

मोजायची खिडकीही अरुंद आहे. लेसर पल्स पिकअपच्या व्होल्टेजच्या उतारावर बसावी लागते. ऊर्जेची सेटिंग बदलली की तो उतार सुटतो, मग लेसरचा डिले हलवून पुन्हा कॅलिब्रेशन. बंचचा चार्ज कमी केला की उतार सपाट होतो आणि रीडिंग थरथरतं.

घेणार असाल तर एक घेऊ नका, दोन घ्या, एकामागे एक, मध्ये कंप्रेसर किंवा कॅव्हिटी नको. दोन्ही रीडिंगमधला फरक किती नाचतो, त्यावरून मॉनिटरची खरी लायकी कळते. आमचा दुसरा सहाव्या महिन्यात बसला, पहिल्याच दिवशी बसायला हवा होता.