बुशमीटचा व्यापार रोखण्यासाठी मदत कोठे द्यावी : फासकी काढणारी पथके, पर्यायी उपजीविका आणि बाजाराच्या वाटेवरील पहारा

आफ्रिकेतील वन्यजीवांसाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला काढण्याचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासमोर बुशमीटविरोधी, म्हणजे वन्यप्राण्यांच्या मांसाचा व्यापार रोखणाऱ्या, कामाचे तीन ठळक प्रकार येतात. जंगलातील तारेची फासकी काढणे, शिकाऱ्याला उत्पन्नाचे दुसरे साधन मिळवून देणे आणि जंगलातून शहरात जाणारे मांस वाटेत किंवा न्यायालयात अडवणे, असे हे प्रकार आहेत. तिन्हींची तुलना करण्यापूर्वी एक भेद पक्का करून घ्यावा लागतो. वन्यप्राण्यांचे मांस खाणारा प्रत्येक जण व्यापारी नसतो. मादागास्करच्या ग्रामीण भागातील एका अभ्यासाने 2011 मध्ये असा अंदाज मांडला, की हे मांस मिळेनासे झाले तर रक्तक्षय असलेल्या मुलांची संख्या 29 टक्क्यांनी वाढेल. दुसऱ्या टोकाला, 2008 मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर प्रवाशांचे सामान तपासून काढलेल्या अंदाजानुसार आठवड्याला सुमारे 5 टन बुशमीट तेथे उतरत होते. पहिल्या ठिकाणी भूक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी चैन. काँगो खोऱ्यातील वार्षिक शिकारीचे अंदाज 10 लाखांपासून 50 लाख टनांपर्यंत पसरलेले आहेत. त्यातला खालचा आकडा धरला तरी जंगलाला हा भार पेलणारा नाही. म्हणून कोणत्याही संस्थेचे काम पाहताना ते भुकेपोटी खाणाऱ्यावर आघात करते की व्यापाऱ्यावर, हा माझ्या मते पहिला निकष असावा.

फासकी काढण्याचे काम देणगीदाराला सर्वांत लवकर पटते, कारण त्याचे फळ डोळ्यांना दिसते. केनियातील त्सावो परिसरात शेल्ड्रिक ट्रस्टची पथके केनिया वन्यजीव सेवेच्या रक्षकांबरोबर 1999 पासून गस्त घालतात आणि त्यांनी आजवर एक लाखाहून अधिक फासकी काढली आहेत. टांझानियातील सेरेंगेटीमध्ये फ्रँकफर्ट झूलॉजिकल सोसायटीने पर्यटन व्यावसायिकांच्या मदतीने 2017 मध्ये असेच काम सुरू केले. जुन्या टायरमधून काढलेली किंवा कुंपणाची तार पाणवठ्याच्या वाटेवर टांगली, की ती रात्रंदिवस आपले काम करत राहते आणि कोणता प्राणी आला याची निवड करत नाही. विदर्भात रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासकीत वाघ अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्सावोत हत्तीची सोंड आणि सेरेंगेटीत सिंहाची मान याच रीतीने कापली जाते. शिवाय शिकारी वेळेवर परतला नाही तर अडकलेला प्राणी तेथेच कुजतो किंवा तरसांच्या तोंडी जातो, म्हणजे जेवढे मांस विकले जाते त्याहून कितीतरी अधिक जीव मरतात. या कामाची निकड त्यामुळे निर्विवाद आहे. मात्र तारेला जवळजवळ काहीच पैसे पडत नसल्याने काढलेल्या फासकीच्या जागी दुसरे लावणे शिकाऱ्याला अवघड नसते, आणि गस्तीचा खर्च कधीच संपत नाही. येथे दिलेली देणगी त्या वर्षापुरते संरक्षण विकत घेते, हे समजूनच ती द्यावी.

झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात 2003 पासून काम करणाऱ्या कोमाको या संस्थेने उलट्या टोकापासून सुरुवात केली. तेथील शेतकरी नापिकीच्या काळात पोट भरण्यासाठी फासकी लावतात, हे ओळखून संस्थेने शेतीच धरली. जमीन न जाळता आच्छादन करून पीक घेणे, ग्लिरिसिडियाची झाडे ओळीने लावून नत्र मिळवणे आणि मधमाश्या पाळणे अशा गोष्टी ती शिकवते. त्यानंतर भुईमूग, तांदूळ, सोयाबीन आणि मध ती चांगल्या दराने विकत घेते, त्यावर प्रक्रिया करते आणि ‘इट्स वाइल्ड’ या नावाने शहरांतील दुकानांत विकते. चांगला दर हवा असेल तर शिकार सोडण्याची अट पाळावी लागते, हा या व्यवस्थेचा कणा आहे, आणि शेतकऱ्यांनी हजारो फासकी व हजारावर बंदुका स्वतः आणून दिल्या, हे तिचे दृश्य फळ. मला ही रचना मनापासून भावते, कारण शिकार न करणे हे गावासाठी केवळ बंधन राहत नाही, त्यातून घरात पैसा येतो.

असे असले तरी पर्यायी उपजीविका हे नाव लावणारा प्रत्येक प्रकल्प कोमाको नसतो. गावाला चार शेळ्या किंवा पाळीव उंदीरवर्गीय प्राण्यांचे पिंजरे देऊन प्रकल्प संपवला, तर माणूस शेळ्याही पाळतो आणि शिकारही करतो, आणि जुन्या उत्पन्नात नवे उत्पन्न मिळवतो. अट, खरेदीची हमी आणि पाठपुरावा यांपैकी एक जरी गळले तरी हे होते. अन्नाचा पुरवठा आणि शिकार यांचे नाते किती घट्ट आहे, हे घानामधील 1970 ते 1998 या काळाच्या नोंदींवरून दिसले : ज्या वर्षी मासळी कमी मिळाली, त्या वर्षी जंगलातील शिकार वाढली आणि वन्यप्राणी घटले. समुद्रातील तुटवड्याचा भार जंगलावर पडत असेल, तर केवळ जंगलात पहारा वाढवून प्रश्न सुटत नाही.

मध्य आफ्रिकेच्या घनदाट जंगलात मात्र चित्र पालटते, आणि येथे तिसरा मार्ग मला अधिक वजनदार वाटतो. लाकूड तोडणाऱ्या कंपन्या रस्ते पाडतात, कामगारांच्या वसाहती उभ्या राहतात आणि ज्या मांसाला कालपर्यंत बाजार नव्हता त्याला ग्राहक आणि वाहन दोन्ही मिळतात. काँगो प्रजासत्ताकाच्या उत्तर भागातील एका अभ्यासात अशा वसाहतींची लोकसंख्या 69 टक्क्यांनी आणि बुशमीटचा पुरवठा 64 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. नुआबाले-न्दोकी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर 1999 मध्ये सरकार, वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी आणि सीआयबी ही लाकूड कंपनी एकत्र आली. कंपनीच्या वाहनांतून मांस नेण्यास बंदी, रस्त्यांवर तपासणी, स्थानिकांसाठी शिकारीचे ठरलेले क्षेत्र आणि कामगारांना बाहेरून आणलेले मांस अशी व्यवस्था त्यांनी बसवली. गावकऱ्याचे ताट हिसकावून न घेता मालमोटारीवर हात ठेवणे, हे या प्रयत्नाचे मर्म आहे.

न्यायालयाची बाजू कॅमेरूनमध्ये पाहावी. तेथे वन्यजीवांचा कायदा 1994 मध्ये आला, पण ओफिर द्रोरी यांनी 2003 मध्ये लागा ही संस्था सुरू करेपर्यंत त्याखाली खटले चालतच नव्हते. ही संस्था व्यापाऱ्यांचा माग काढते, पोलिसांच्या छाप्यात सहकार्य करते, खटल्याचा पाठपुरावा करते आणि आरोपी खरोखरच तुरुंगात आहे की नाही हेही तपासते, कारण लाच देऊन सुटण्याचा प्रयत्न जागोजागी होतो. पाठपुराव्याविना बंदीचे काय होते, हे विषुववृत्तीय गिनीच्या बिओको बेटावर दिसते. त्या बेटावरील मालाबो शहराच्या बाजारात 1997 ते 2010 या काळात 1,97,000 हून अधिक प्राण्यांची नोंद झाली. 2007 मध्ये माकडवर्गीय प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली, विक्री काही काळ घटली आणि अंमलबजावणी नसल्याने पुन्हा वाढली. तेलाच्या पैशाने सधन झालेल्या शहरात हे मांस महाग असूनही खपते, तेथे शेळ्या वाटून उपयोग नाही.

पहाऱ्याची एक काळी बाजू कोणत्याही देणगीदाराने नजरेआड करू नये. मध्य आफ्रिकेत डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या पाठबळावर चालणाऱ्या वनरक्षकांनी बाका आणि इतर आदिवासींना मारहाण व छळ केल्याचे आरोप 2019 मध्ये पुढे आले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्लै यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने 2020 च्या अहवालात संस्थेच्या त्रुटींवर बोट ठेवले. ज्या समाजाने जंगल पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यालाच गुन्हेगार ठरवणाऱ्या कामाला एक पैसाही जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

अनाथ वानरांच्या आश्रयस्थानांची, उदाहरणार्थ किन्शासाजवळच्या ‘लोला या बोनोबो’ नावाच्या आश्रयस्थानाची, गणना मी या तिन्हींत केलेली नाही. ते काम करुणेचे आहे आणि आवश्यकही आहे, पण ते शिकार झाल्यानंतर सुरू होते.

निवड करायचीच झाली, तर आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातील गवताळ प्रदेशासाठी मोठा वाटा कोमाकोसारख्या कामाला आणि लहान वाटा फासकी काढणाऱ्या पथकांना द्यावा. काँगो खोऱ्यासाठी देणार असाल, तर रस्त्यावरील तपासणी आणि खटल्यांचा पाठपुरावा यांना प्राधान्य द्यावे. एकदाच रक्कम देऊन थांबणार असाल, तर उपजीविकेच्या कामाला ती अपुरी पडते. त्या कामाला सलग काही वर्षांचा शब्द लागतो, आणि तो देता येत नसेल तर पथकांची निवड अधिक प्रामाणिक ठरेल. पैसे पाठवण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावे, की किती खटल्यांत शिक्षा झाली, किती शेतकऱ्यांकडून किती माल घेतला, आणि रक्षकांविरुद्ध तक्रार कोणाकडे व कोणत्या भाषेत करता येते. भारतात राहून देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की भारतात नोंदणी नसलेल्या परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. रक्कम ठरवताना तेवढा हिशेब आधीच करावा.