जपून ठेवलेले पिस्टन बदलून दिले, सावध राहा

वडिलांनी प्रीमियर पद्मिनीसाठी रिंग-पिस्टनचा सेट घेऊन ठेवला होता. कोरा, एकदाही न वापरलेला. ती गाडी बनायची थांबून दोन दशकं उलटली, स्टँडर्ड 68 मि.मी.चा असा सेट आता सहजी मिळत नाही. इंजिनच्या ब्लॉकला स्लीव्ह (आतली नवी नळी) टाकून बोअर, म्हणजे पिस्टन सरकतो ते भोक, मूळ मापावर आणलं ते याच सेटसाठी. पडून पडून रिंगांना गंज धरला होता, पिस्टनवर ग्रीस सुकलं होतं. "जुना माल जिवंत करून देतो" म्हणणाऱ्या एकाकडे दिला. 6,200 रुपये आगाऊ.

माल आला तो चकचकीत. पण ऑइल रिंगच्या (पिस्टनवरची तेल निपटणारी कडी) खाचेतल्या बारीक भोकांत काजळी होती! इंजिनात कधी न गेलेल्या पिस्टनला काजळी कुठून येणार? तिथेच त्याची कॉलर धरायला हवी होती. विचारलं तर म्हणाला, "साहेब, जुनं ग्रीस आहे, काळं पडतंच." ग्रीस काळं पडतं हे खरंच आहे. कुणालाही पटलं असतं. आणि तो रोज कामाचे फोटो पाठवत होता, संशय घ्यायचा कशावरून?

इंजिन बांधायला 18,750 रुपये गेले. थोड्याच दिवसांत निळा धूर, म्हणजे तेल जळतंय. पुन्हा खोललं, रिंग बोअरमध्ये ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावला, तर रिंगच्या दोन टोकांमधली फट 1 मि.मी.च्या वर. ती पाव मि.मी.च्या आसपास हवी. म्हणजे कुणाचे तरी झिजलेले पिस्टन धुऊन माझ्या माथी मारले. बसवण्याआधी हे माप घ्याच, माल कितीही नवा दिसो.

चौकीवर म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. मग, "पिस्टन तुमचेच होते कशावरून? बिल आणा." वडिलांच्या काळातलं बिल? विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं का? साधा अर्जसुद्धा घेतला नाही. दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथून ग्राहक तक्रारीकडे, तिथेही पुन्हा बिलच!

सुटे भाग देण्याआधी पिस्टनच्या आतल्या बाजूला खूण कोरा, फोटो काढा, वजन लिहून सही घ्या. खरं तर कोऱ्या पिस्टनला रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो, कॉस्टिक सोड्यात घालूच देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम खातो तो. जुनी रबरी सीलं थेट फेका.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहा. मी लिहिलंय. पोचपावती आली, उत्तर नाही.