चप्पल लाईनीतलं दुकान आणि आबांचा डावा अंगठा

रिव्ह्यू कापशी चपलेचाच (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) आहे, पण आधी 2008 सालचं सांगतो, नाहीतर मी आजऱ्याहून एसटीनं येऊन याच दुकानात का जातो ते कळायचं नाही.

तेव्हा मी आठवीत होतो, डोळे दाखवायला आबांबरोबर कोल्हापूरला आलेलो. मे महिना. देवदर्शन करून बाहेर आलो तर आबांची चप्पल गायब! डॉक्टर आणि चष्मा झाल्यावर खिशात एसटीचं भाडं आणि वर थोडेफार उरलेले. डांबर असलं तापलेलं की आबा सावली बघून बघून पाय टाकत होते, म्हणाले एखादी रबरी स्लीपर बघू. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत शिरलो आणि पहिल्याच दुकानात विचारलं, तर मालक रबरी ठेवतच नव्हते. पण त्यांची नजर आबांच्या पायाकडं गेली. डाव्या पायाचा अंगठा ऊस तोडताना कोयता लागून वाकडा झालाय, त्यात कुठलीच चप्पल धड बसत नाही.

"बसा की पावणं," म्हणाले आणि माठातलं पाणी दिलं. रद्दी पेपरवर पाय ठेवायला लावून पेन्सिलीनं आखून घेतला, एक जोड काढला, डाव्या चपलेचा अंगठा उसवला, सैल करून परत चामड्याच्या वादीनं शिवला, वर तेलाचा बोळा फिरवला. आबा पैशाचं काय बोलणार तेवढ्यात "पुढच्या खेपेला द्या." आबा म्हणाले वहीत नाव तरी लिहून ठेवा, तर म्हणाले "नाव कशाला, पाय बघितलाय की."

दिवाळीनंतर भात निघालं तसं आबा पैसे आणि दोन किलो घनसाळ, आमच्या आजऱ्याचा वासाचा तांदूळ, देऊन आले. तो जोड चार वर्षं गेला. आजपण गावातलं कुणी कोल्हापूरला निघालं की आबा त्या दुकानाची खूण सांगतात, आणि दरवेळी माठातल्या पाण्यापासून सुरुवात करतात.

आता चपलेचं. आबांना आता प्रवास झेपत नाही म्हणून गेल्या महिन्यात त्यांचा पाय पेपरवर आखून मीच घेऊन गेलो. दुकान आता मुलगा बघतो. 1800 रुपयांत कापशी जोड, आठ दिवसांत करून दिला. तळ जाड, शिलाई सगळी चामड्याच्या वादीची, एकही खिळा नाही, आणि रंग नैसर्गिक, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याला येतो तसा. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव) मिळाला, तरी 'कोल्हापुरी' म्हणून काय वाट्टेल ते विकतात, खाली रेक्झिन नाहीतर स्पंज असतो, त्यामुळं घेताना चप्पल उलटी करून शिलाई बघा. पहिले चार दिवस चावते, रात्री खोबरेल लावून ठेवा. पावसात अजिबात घालू नका, कातडं फुगतं आणि मग कुणी काही करू शकत नाही. तक्रार एकच, फोन उचलत नाहीत, तयार झाली का बघायला माझा एक हेलपाटा फुकट गेला.

जुने मालक आत खुर्चीवर बसलेले होते, थकलेत खूप. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं, ऊन, चष्मा, वही. त्यांना काहीच आठवेना, नुसते हसत होते, "असली लई येतात बाबा." मग मी तांदळाचं बोललो.

"घनसाळ व्हय? आजऱ्याचा?" एकदम ताठ बसले. "आमच्या घरात तवा दोन दिस वास सुटलेला. आमची कारभारीण विचारायची कोण पावणं होतं म्हणून."

नवीन जोड आबांना बरोबर बसलाय. पुढच्या खेपेला पाच किलो घेऊन जाणार आहे.