कॉलनीतला फळा आणि फक्त ॲडमिनवाला ग्रुप: नऊ महिने वापरून झाल्यावर

मे महिन्यात सुरू केलं होतं, आता फेब्रुवारी लागला, म्हणजे नऊ महिने झाले. बरेच जण विचारतात की तुमच्याकडे ते कसं चाललंय, आमच्या वाड्यावर पण करायचंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

आम्ही गोव्यात फोंडा शहराच्या जरा बाहेर राहतो. पूर्वी इथे काजूचं भाट, म्हणजे बागायत होती, आता साठ-सत्तर घरं, दोन बिल्डिंगी आणि मधेच जुनी चार कौलारू घरं. निम्मे लोक मूळचे इथलेच, बाकीचे सरकारी नोकरीवाले, कुंडईच्या नाहीतर बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जाणारे, भाड्याने राहणारे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पूर्वीपासून होताच. त्यात गुड मॉर्निंग, वाढदिवस, कुणाच्या तरी भाच्याच्या दुकानाची जाहिरात, आणि त्याच ढिगात कुठेतरी उद्या लाइट नाही. ज्याला जे हवं ते कधीच सापडायचं नाही.

गेल्या एप्रिलच्या शेवटी त्यात एक मेसेज आला, पाइपलाइन फुटली, चार दिवस पाणी नाही, साठवून ठेवा. तारीख नाही, कुणी लिहिलं माहीत नाही, वर ते दोन बाणांचं चिन्ह म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला ओपाच्या पाणी प्रकल्पाची मोठी लाइन फुटली होती, फोंडा आणि तिसवाडीत लोक कळश्या-बादल्या घेऊन टँकरची वाट बघत होते, ते अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे, त्यामुळे मेसेज खरा की खोटा हे बघायला कोण थांबतोय. अर्ध्या तासात घरोघरी पंप सुरू. सगळ्यांनी एकदम ओढल्यावर चढावरच्या घरांना नळाला थेंब येईना, मग त्यांचे मेसेज की बघा गेलं पाणी, आणि मग तर सगळ्यांची खात्रीच पटली. संध्याकाळी कळलं की लाइन कुठेच फुटली नव्हती, मेसेज जुना होता.

माझ्या शेजारच्या आजी, वय 78, घरात एकट्या असतात, मुलगा पुण्याला. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. त्यांना कुणीतरी कुंपणावरून ओरडून सांगितलं की चार दिवस पाणी नाही. त्यांनी भीतीने विहिरीचं पाणी शेंदून बादल्या आत नेल्या आणि न्हाणीच्या दारात ओल्या लादीवर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेले होते, रिक्षात बसून त्या सारख्या विचारत होत्या, "बाये, उदक आयलें मगे?" त्या दिवशी ठरवलं की हे असं चालणार नाही.

तर आम्ही काय केलं. जुना ग्रुप गप्पांसाठी तसाच ठेवला, कुणाला बंद करायला सांगितलं असतं तर भांडणच झालं असतं. वेगळा एक कम्युनिटी बनवून त्यातला अनाउन्समेंटचा ग्रुप वापरायला लागलो, तिथे फक्त ॲडमिनच लिहू शकतो. एक फायदा मला आधी माहीत नव्हता, या ग्रुपात इतर मेंबरांना तुमचा नंबर दिसत नाही, फक्त ॲडमिनला दिसतो. एकट्या राहणाऱ्या दोन नर्स मुली जुन्या ग्रुपमध्ये यायला तयारच नव्हत्या, नको त्या वेळी फोन येतात म्हणून, त्या इथे लगेच आल्या. ॲडमिन तिघे, एकेका आठवड्याची पाळी. चर्चा नाही, अंगठे नाहीत. कुणाला काही कळवायचं असेल तर पाळीवाल्याला सांगायचं, तो खात्री करून टाकणार.

मेसेज कसा लिहायचा ते ठरवायलाच आम्हाला तीन आठवडे लागले. आता असं असतं: काय, कुठे, कधीपासून, कुणाकडून कळलं, आणि पुढची खबर किती वाजता. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं निघालं. जुलैत एका रात्री वाऱ्याने फांदी पडून लाइट गेली. पाळीवाल्याने 1912 वर तक्रार केली, तक्रार नंबर घेतला आणि ग्रुपवर टाकला, 8:10 ला तक्रार दिली, नंबर हा, पुढची खबर 9:30 ला. साडेनऊला काहीच नवीन नव्हतं तरी त्याने लिहिलं, अजून माणसं आलेली नाहीत, पुन्हा फोन केला, पुढची खबर 11 ला. पूर्वी अशा रात्री मला पंधरा-वीस फोन यायचे, त्या रात्री दोनच आले. लोकांना अंधार चालतो, पण कुणी बघतंय की नाही हेच कळत नसेल तर जीव घाबरा होतो. आणि काम झालं की त्याच मेसेजला उत्तर देऊन "झालं, 12:20" असं लिहायचं. हे "झालं" लिहायला सगळे विसरतात, मी सुद्धा विसरायचे, आता पाळी बदलताना उघडं राहिलेलं काय काय आहे ते आधी बघतो.

आता फळ्याबद्दल, कारण खरं सांगायचं तर मला फळाच जास्त आवडला. पसऱ्याच्या, म्हणजे इथल्या छोट्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर चार फूट बाय तीन फूट प्लायवूडचा तुकडा, ब्लॅकबोर्ड पेंट मारलेला. जागा विचार करून निवडली. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की पाव घ्यायला सगळे तिथेच येतात, नंतर मासेवाली तिथेच टोपली उतरवते, कचऱ्याची गाडी तिथेच वळते. ज्याच्याकडे मोठा फोन नाही, किंवा आहे पण चष्मा लागतो म्हणून बघत नाही, तो माणूस दिवसातून एकदा तरी तिथून जातोच. लिहायचं काम समोरच्या वयनींनी घेतलं, दारात रांगोळी काढून झाली की खडू घेऊन येतात, अक्षर अगदी मोत्यासारखं. आजींना वाचता येतं पण लांबचं दिसत नाही, म्हणून त्या पोदेरालाच विचारतात, "आज फळ्यार कितें बरयलां रे?" आणि तो पाव मोजता मोजता वाचून दाखवतो. पोदेर मूळचा कर्नाटकातला, देवनागरी सावकाश वाचतो, पण वाचतो. आता तो पुढच्या आळीतही जाऊन सांगतो.

भाषेवरून पहिल्या महिन्यात बरंच झालं. कुणी म्हणे मराठीत लिहा, कुणी म्हणे कोंकणीत, भाडेकरूंसाठी हिंदी हवं, आणि आमचे चार ख्रिस्ती शेजारी कोंकणी बोलतात आमच्यासारखीच पण वाचतात रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. शेवटी असं ठरलं की वाक्य इतकं छोटं करायचं की भांडायला जागाच राहू नये. "फाल्यां 9 ते 12 वीज ना" हे मराठीवाल्यालाही कळतं आणि कोंकणीवाल्यालाही, खाली रोमी लिपीत एक ओळ आणि हिंदीत एक ओळ. आकडे मोठे. मला यात कुणाची भाषा लहान झाली असं वाटत नाही, आणि रोमी लिपीतली ती एक ओळ दिसल्यावर कोपऱ्यावरचे अंकल पहिल्यांदा स्वतःहून बोलायला आले की चर्चमधली फीस्टची मिरवणूक इथून जाते तेव्हा रस्ता बंद असतो ते पण लिहाल का. लिहिलं.

पावसाने फळ्याचे फार हाल केले. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तिरका पाऊस आला की दहा मिनिटांत सगळं धुऊन जायचं. वर पत्र्याचं छप्पर बसवलं, बाजूने प्लॅस्टिक लावलं, तरी जुलैत खडू ओला होऊन उठायचाच नाही. मग वयनींनी घरातून जुना टॉवेल आणून आधी फळा कोरडा पुसून घ्यायला सुरुवात केली आणि खडूचा डबा तांदळाच्या डब्यात ठेवायला लागल्या. हे असलं कुठल्या ॲपमध्ये शिकवत नाहीत.

पावसाळ्यात दर रविवारी एक ठरलेली ओळ असायची, कुंड्या, टायर, फ्रीजचा मागचा ट्रे, करवंट्या रिकाम्या करा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतलं की साखळी तुटते. हे आधी लोकांना माहीत नव्हतं असं नाही, पण कारण लिहिल्यावर करायला लागले. नुसतं "स्वच्छता राखा" लिहून कुणी कधी टायर उपडा केलेला मी पाहिलेला नाही.

आता वाईट भाग. ऑगस्टमध्ये गप्पांच्या ग्रुपवर कुणीतरी एका माणसाचा फोटो टाकला, हा दोनदा फिरताना दिसला, सावध राहा. तासाभरात पसऱ्यावर चार जणांनी त्याला अडवून ओळखपत्र मागितलं. तो आमच्याच एका भाडेकरूंचा भाऊ होता, बेळगावहून आलेला, बहिणीचं घर शोधत होता. त्या बाई तीन दिवस घराबाहेर आल्या नाहीत. मी आणि दुसरे ॲडमिन त्यांच्या दारात जाऊन माफी मागून आलो, त्या काही बोलल्या नाहीत, पाणी दिलं फक्त. ते पाणी मला अजून आठवतं. मेसेज आमच्या अनाउन्समेंटमध्ये नव्हता हे खरं, पण आमच्याच माणसांनी टाकला होता. तेव्हापासून नियम केला की माणसाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर नाही, भीती वाटली तर आधी 112, मग पाळीवाल्याला. दोन जण रागावून बाहेर पडले, पडू देत.

सगळ्यात जास्त उपयोग कशात झाला म्हणाल तर ग्रामसभेत. गोव्याचा पंचायत राज कायदा 1994 चा, त्याप्रमाणे ग्रामसभा वर्षातून चार वेळा होतात, पण नोटीस पंचायतीच्या दारावर लागते आणि तिथे रोज जातंय कोण. आम्ही नोटिशीतले विषय साध्या भाषेत फळ्यावर उतरवले. नुसतं "ग्रामसभा, रविवार, 10:30" लिहिलं असतं तर पूर्वीसारखे पाच-सहा जणच गेले असते. "आपल्या गटाराचा खर्च याच सभेत" असं लिहिलं तेव्हा ऑक्टोबरात आमच्या कॉलनीतून एकतीस जण गेले, मी मोजले. प्रश्न आधी लेखी दिले होते, त्यामुळे इतिवृत्तात आले. बायका जास्त होत्या.

आणि तो चर. रस्त्याच्या कडेला केबलसाठी खणून तसाच सोडलेला, दोन महिने. ज्यांनी खणला ते म्हणतात आमचं काम नाही, बाकीचे त्यांच्याकडे बोट दाखवतात. दोन स्कूटर पडल्या. मग माहिती अधिकाराचा अर्ज दिला, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गोव्यात तर हा हक्क 1997 च्या कायद्याने आधीच आला होता, देशाचा कायदा 2005 चा, हे माझ्या सासऱ्यांनी मला सांगितलं, ते त्या काळात अर्ज लिहून द्यायचे लोकांना. फळ्याच्या कोपऱ्यात वयनींनी चौकोन काढला, आत "चर: अर्जाचा दिवस 1". दुसऱ्या दिवशी 2. मुलं शाळेत जाताना आकडा ओरडत जायची. 26 व्या दिवशी उत्तर आलं, त्यात कुणी बुजवायचा आणि किती मुदतीत ते लेखी होतं, तो कागद घेऊन गेल्यावर आठवड्यात खडी पडली. आकडा पुसताना वयनींनी तिथे "झालं" लिहिलं आणि ते चार दिवस कुणी पुसू दिलं नाही.

त्रास काय ते पण सांगते. वेळ जातो, रोज अर्धा तास धरा, पाळीच्या आठवड्यात जास्त. चवथीत तिघेही ॲडमिन आपापल्या गावी, त्यात कचऱ्याच्या गाडीचा वार बदलला, आमच्याकडून कुणालाच कळवलं गेलं नाही, पिशव्या कुत्र्यांनी फाडल्या, निर्माल्य रस्त्यावर. आता सणाला चौथा माणूस राखीव असतो. एकदा पाण्याची वेळ मीच चुकीची लिहिली, सकाळी 6 ऐवजी संध्याकाळी 6, दुरुस्ती त्याच फळ्यावर तितक्याच मोठ्या अक्षरात लिहिली, हे करायला लाज वाटते पण करायलाच हवं, नाहीतर पुढचं कुणी खरं मानणार नाही. आणि बिल्डिंगीतले काही लोक अजून फळ्याकडे बघत नाहीत, गाडीतून थेट पार्किंगमध्ये जातात. त्यांच्यासाठी लिफ्टमध्ये कागद लावून बघतोय, दोन आठवडेच झालेत.

तुम्ही करणार असाल तर ग्रुपच्या आधी फळा करा. ग्रुप पाच मिनिटांत होतो, फळ्यासाठी पसरेकाराला विचारावं लागतं, भिंत कुणाची ते बघावं लागतं, कोण लिहिणार ते ठरवावं लागतं, आणि त्या विचारपुशीतच अर्धी माणसं जोडली जातात.

आजींचं मनगट बरं झालंय, मूठ पूर्ण वळत नाही पण कळशी डाव्या हाताने उचलतात. गेल्या आठवड्यात ओपाच्या लाइनच्या दुरुस्तीसाठी एक सकाळ पाणी नव्हतं, आदल्या दिवशी लिहिलं होतं. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "म्हाका खबर आसा गो, पोदेरान सांगलें, दोन बादल्यो पुरो."

छपराचा पत्रा गंजलाय, पावसाच्या आधी बदलायचाय. फोंड्यात कुणाकडे जुना ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, साडेचार फुटांचा, तर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.